घशाकडचा माईक

प्लायवूडचे तक्ते पाच, अठरा मिलिमीटर जाडीचे. त्यातून कापलेले तुकडे सव्वीस. स्क्रू तीनशे चाळीस, गोंदाचे डबे दोन, फळ्या आवळून धरायचे शिकंजे सहा, त्यातला एक सैल. अठरा इंची स्पीकर एक, वजन तेरा किलो. कामाला माणसं दोन, दादा आणि मी. तिसरे बाबा खुर्चीत बसून नुसते बघत होते. त्यांना धरायचं की नाही, हे मला ठरवता आलं नाही.

आम्ही भोंगा बांधत होतो. घरी सिनेमा बघताना खालचा, घुमणारा आवाज देणारा वेगळा स्पीकर ठेवतात, तसलाच, पण दुकानातल्या डब्याच्या सहापट. आत लाकडी बोगदा असतो. सुरुवातीला वीतभर रुंद, मग फाकत फाकत शेवटी खिडकीएवढा. सरळ ठेवला असता तर तो चार मीटर चाळीस सेंटीमीटर भरला असता आणि बाबांच्या खोलीच्या दारातून बाहेर आला असता. म्हणून त्याला तीन घड्या घालून कपाटाएवढ्या पेटीत बसवायचा. अरुंद टोकाला घसा म्हणतात, रुंद टोकाला तोंड. स्पीकर घशाशी बसतो, आवाज तोंडातून येतो.

आराखडा माझा, हात दादाचा. दादा सुतार आहे आणि मी भौतिकशास्त्राचा पदवीधर, सध्या घरीच. त्यामुळे भुसा गोळा करायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

"मिलिमीटर काय लावलंयस सकाळपासून? लाकूड आहे ते, तुझा ग्राफपेपर नाही," दादा म्हणाला.

"दोन मिलिमीटर चुकले तरी घसा बिघडतो."

"तुझा बिघडला तर बरं होईल. जरा शांतता तरी मिळेल. धर तिकडून, सायंटिस्ट."

बाबांनी एकतीस वर्षं चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवला. निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांचे कान गेले. डॉक्टर म्हणाले, नसच मेली आहे, यंत्राचा उपयोग नाही. अगदी खालचे सूर मात्र छातीला आणि तळपायांना जाणवतील. यावरून मला भोंगा सुचला. दादाला वाटत होतं, मी हे मायेपोटी करतोय. ती लाच होती.

तीन वर्षांपूर्वी, माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा दुसऱ्या गावी चालू असताना, आई गेली. मला कोणी कळवलं नाही. अकरा दिवस मी रोज संध्याकाळी फोन करायचो आणि अकराही दिवस बाबा म्हणाले, "झोपलीय ती. तू अभ्यास कर." शेवटचा पेपर देऊन आलो तेव्हा दादाने मला जिन्यातच गाठलं. "तुझं वर्ष वाया गेलं असतं," तो म्हणाला. पहिला वर्ग मिळाला. प्रमाणपत्र अजून पाकिटात आहे.

शेवटच्या दिवशी आईजवळ फक्त बाबा होते. ती माझ्याबद्दल काही म्हणाली का, एवढंच मला हवं होतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "जेवून घे." दुसऱ्यांदा विचारेपर्यंत त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. मग मी कागदावर लिहून दिलं. त्यांनी चष्मा लावून कागद नीट वाचला, परत दिला आणि म्हणाले, "अक्षर सुधार."

म्हणून भोंगा. सिनेमा परत मिळाला तर माणूस जरा सैल होईल, बोलेल, असा माझा हिशेब होता.

नवव्या दिवशी शेवटची फळी चिकटवली. बाबांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीसमोर पेटी उभी केली आणि त्यांच्या आवडीचा एक युद्धपट लावला. पहिला पूल उडाला तेव्हा बाबांनी दोन्ही हात छातीवर ठेवले. आगगाडी आली तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "डबे मोजा रे!" आणि हसले. दादाने पाठ फिरवून उगाच रंधा पुसला. मी मापं घेतली. अठरा हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला अठरा कंपनांपर्यंत, आवाज भरपूर. त्याखाली काही नाही. गणिताप्रमाणे त्याखाली काही येणारही नव्हतं.

चार दिवसांनी खालच्या काकू जिन्यात भेटल्या.

"काय रे, दुपारी तीनला कसला सिनेमा लावता? मांडणीवरची ताटं थरथरतात माझी. आवाज म्हणावा तर नाही."

"आम्ही फक्त संध्याकाळी लावतो, काकू."

"मग ताटांना हिवताप झाला असेल," असं म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी बाबांच्या खोलीपाशी गेलो. दार लोटलेलं होतं. अॅम्प्लिफायरची वायर मी सकाळीच काढून स्वयंपाकघरात ठेवली होती. फटीतून बाबा पाठमोरे दिसले. खुर्ची पुढे ओढलेली, कपाळ भोंग्याच्या वरच्या कडेला टेकलेलं, दोन्ही तळवे आतल्या लाकडावर. ते बोलत होते. बहिरी माणसं चढ्या आवाजात बोलतात; बाबा अगदी हळू बोलत होते, शेजारी कोणी असल्यासारखे.

"अभ्यासाला बसलाय तो," ते म्हणाले. मग बराच वेळ थांबले. मान हलवली. "नाही, आत्ता नको. परीक्षा झाली की सांगू."

मी दार ढकललं. बाबा वळले.

"जेवलास का?"

मी कागदावर लिहिलं, 'कोणाशी बोलत होता?'

"कोणाशी नाही," ते म्हणाले आणि खुर्ची जागेवर सरकवली. मी भोंग्याच्या तोंडात हात घातला. लाकूड गरम नव्हतं, गारही नव्हतं. हलत तर मुळीच नव्हतं.

यापुढचं मी क्रमाने सांगतो.

मी दोन माईक लावले. एक भोंग्याच्या तोंडाशी आणि दुसरा आत, घशाशी. त्यासाठी दादाकडून पेटीला पेन्सिलच्या जाडीचं भोक पाडून घेतलं. विचार साधा होता. खोलीतला आवाज भोंग्यात शिरत असेल, तर तो आधी तोंडाशी पोहोचेल आणि मग घशाशी. आतून येत असेल, तर उलट.

बाबांच्या दुपारच्या बैठकीची पहिली नोंद चाळीस मिनिटांची होती. सेकंदाला सात ठोके, कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी खाली. घशाकडच्या माईकला प्रत्येक ठोका आधी मिळत होता. तोंडाकडच्या माईकला त्यानंतर १२.८ मिलिसेकंदांनी. एवढ्या वेळात आवाज चार मीटर चाळीस सेंटीमीटर जातो, बोगद्याच्या लांबीइतकाच.

नोंदीची लांबी तीच ठेवून मी सूर बत्तीसपट वर नेला आणि हेडफोन लावले. भिंतीपलीकडे कोणी बोलत असावं तसं ऐकू आलं. चढ-उतार होते. मध्ये थांबणं होतं, आणि नेमकं तेवढ्याच जागेत बाबांचं बोलणं बसत होतं. शब्द एकही लागला नाही.

मी दादाला स्पीकर काढायला लावला. स्क्रू सोळा. स्पीकरच्या जागी उरलेल्या भोकावर त्याने जाड फळी ठोकली, कडेने गोंद भरला.

"आता पेटीत हवेशिवाय काही नाही," मी म्हणालो. "आपण बाहेर बसू. तीन वाजले की बघ."

तीनला ठोके सुरू झाले. स्वयंपाकघरात लॅपटॉपच्या पडद्यावर रेघ थरथरू लागली. दादा बराच वेळ बघत राहिला.

"गोंद ओला असेल," तो म्हणाला. "लाकूड वाळताना हलतं."

"सेकंदाला सात वेळा?"

"मला काय विचारतोस? शिकलेला तू आहेस." मग थोड्या वेळाने, "करवत आणू का? अर्ध्या तासात तुकडे होतील."

"नको."

"का?"

"तो तिला माझ्याबद्दल काहीतरी सांगतोय."

मी बाबांना कधी एकेरीत बोललो नव्हतो. दादाने मला त्याबद्दल टोकलं नाही. त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि त्या दिवसापासून तो त्या खोलीत गेला नाही.

बाबांची तब्येत सुधारली. ते दाढी करून बैठकीला बसू लागले. तीन वर्षांत आम्हा दोघांशी मिळून बोलले नसतील तेवढं ते रोज दुपारी त्या पेटीशी बोलत होते. एकदा मी त्यांना हसताना ऐकलं. आईच्या कपाटापुढे उभं राहून ते तसे हसायचे, ती काहीतरी शोधत असायची तेव्हा.

मीही बसून पाहिलं. बाबा बाहेर फिरायला गेल्यावर, त्यांच्याच खुर्चीत, कपाळ त्याच कडेला टेकवून. मी माझा प्रश्न मोठ्याने विचारला. मग हळू विचारला. मग म्हणालो, "परीक्षा संपली, आई. केव्हाच संपली."

दीड तास. दोन्ही माईकवर सरळ रेघ.

म्हणजे ते फक्त बाबांशी होतं. मग बाबांशी चालू असताना मी आत गेलो तर काय होतं, हे मोजायचं राहिलं होतं. पहिल्या दिवशी मी हात घातला तेव्हा लाकूड स्थिर होतं, पण ते नेमकं कधी थांबलं, हे माहीत नव्हतं.

दाराच्या कडीला मी एक छोटा स्विच लावला. कडी हलली की त्याच नोंदीवर खूण पडायची.

सात दुपारी मी सात वेळा आत गेलो.

सातही वेळा ठोके कडी हलण्याआधी थांबले. कधी ०.८ सेकंद आधी, कधी १.१.

मी बाहेर पडल्यावर साधारण चाळीस सेकंदांनी ते पुन्हा सुरू व्हायचे.

पावलांची चाहूल लागत असेल म्हणून तिसऱ्या वेळेपासून मी अनवाणी गेलो. पाचव्या वेळी दाराबाहेर आधीच वीस मिनिटं उभा राहिलो, श्वास आवरून. ठोके चालू होते. कडीकडे हात न्यायच्या आत ते थांबले.

बाबांची पाठ दाराकडे असायची. त्यांना ऐकू येत नाही.

आठव्या दुपारी मी स्विच कडीवरून काढला आणि लांब वायर जोडून स्वयंपाकघरात आणला. टेबलाशी बसलो. मधे दोन भिंती आणि बंद दार.

ठोके तीन वाजून चार मिनिटांनी सुरू झाले.

मी तासभर काही केलं नाही. दिवसभरातली कामं आठवत बसलो. मग एका क्षणी, आता उठावं, असं मनात आलं. खुर्चीतून हललो नाही. फक्त तो क्षण नोंदायला बोटाने स्विच दाबला.

खूण: ४ वाजून ११ मिनिटं २६.३ सेकंद.

शेवटचा ठोका, घशाकडचा माईक: ४ वाजून ११ मिनिटं २५.४ सेकंद.