प्रतीक्षायादीतलं पहिलं नाव

थ्यूबरन या मासेमारीच्या गावी आक्सेलच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं जेवण चाललं होतं. हेरिंग माशांची बशी टेबलावर अर्धीच फिरली होती, तेवढ्यात बोडिलनं हातातला काटा खाली ठेवला आणि शांतपणे सांगून टाकलं, "मला फिल्म शाळेत प्रवेश मिळालाय. छायालेखनाला. ऑगस्टपासून चार वर्षं कोपनहेगनमध्ये."

केकमध्ये खोचलेले कागदी झेंडे खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावर फडफडत होते. टेबलाच्या टोकाशी बाबा, म्हणजे आक्सेल, बसले होते. बावीस वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू निकामी झाली आणि वाचाही गेली. परत आले ते मोजके चाळीसएक शब्द. आई आता नव्हती. समोर धाकटी बहीण डोर्टे. चित्रपटांच्या जगात छायालेखिका म्हणून तिचं नाव आदरानं घेतलं जाई, आणि त्याच शाळेत ती प्रकाशयोजना शिकवी.

"कुठल्या शाळेत म्हणालीस?" डोर्टेनं विचारलं.

"तुझ्याच."

"बोडिल, तू शेहेचाळीस वर्षांची आहेस."

"माहितेय. माझ्या वाढदिवसाचा केक दरवर्षी मीच करते."

डोर्टे हसली नाही. "आणि मला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही?"

"सख्खी बहीण म्हणून तुला निवड समितीपासून लांब ठेवलं होतं. मीच तशी विनंती केली होती. तुझ्या वशिल्यानं आले असं कुणी म्हणायला नको."

"आणि बाबा?"

"बाबा लेमविगच्या वृद्धनिवासात राहणार आहेत. खोलीतून समुद्र दिसतो. त्यांनी स्वतः जाऊन पाहिली, डाव्या हातानं स्वतः सही केली. आपली बेकरीही स्ट्रुएर गावच्या एका जोडप्यानं घेतलीये."

डोर्टेच्या मानेवर लाली चढत गेली. "सहा जागा असतात तिथे... फक्त सहा. त्या जागेवर एखाद्या तेवीस वर्षांच्या पोरीचं अख्खं आयुष्य उभं राहिलं असतं. आणि तू हौस म्हणून तिथे जाऊन बसणार? दुसऱ्याची जागा अडवताना तुला काहीच वाटत नाही?"

दुसऱ्याची जागा... जे वाक्य तिनं बावीस वर्षं ओठांवर येऊ दिलं नव्हतं, ते आज घशाशी येऊन थांबलं. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि त्याबरोबर ते वाक्यही गिळून टाकलं.

कारण त्या वर्षी, ती चोवीसची आणि डोर्टे बावीसची असताना, दोघींनीही याच शाळेत याच विषयासाठी अर्ज केला होता. पत्रं एकाच आठवड्यात आली. डोर्टेचं पत्र आधी आलं: प्रतीक्षायादीत पहिलं नाव. दोन दिवसांनी बोडिलचं आलं: निवड झाली आहे. ते तिनं बेकरीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांवर बसून एकटीनं वाचलं. डोर्टे दोन दिवस रडून सुजलेल्या डोळ्यांनी घरात वावरत होती, तेव्हा जरा दमानं सांगू, असं म्हणून तिनं ते पत्र ॲप्रनच्या खिशात ठेवलं. आणि तिसऱ्या दिवशी बाबा भट्टीपुढेच कोसळले.

आईला दम्याचा विकार होता. पिठाच्या धुळीत ती पाच मिनिटंसुद्धा उभी राहू शकत नसे. मासेमारीच्या होड्यांना पाव लागे, दवाखान्यात बाबांपाशी कुणीतरी लागे. दोघींपैकी एकीला राहणं भागच होतं. बोडिलनं शाळेत फोन केला आणि आपली जागा सोडली. घरी सांगितलं, "माझं नाव लागलं नाही." आठवड्याभरानं डोर्टेला बोलावणं आलं. खरं कळलं असतं तर ती गेलीच नसती, हे बोडिलला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं कुणालाच कळू दिलं नाही.

त्याचं तिला दुःख झालं नाही असं नाही. पण खरी वेदना पुढे सुरू झाली, डोर्टेच्या दयेनं. नाताळात घरी आली की ती बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "तुझी नजर चांगली होती गं. पण नुसत्या नजरेनं भागत नाही ना तिथे." अशी बावीस वर्षं... आणि दर वेळी बोडिल म्हणे, "खरंय."

आज मात्र ती "खरंय" म्हणाली नाही. "मी जाणार आहे, डोर्टे. परवानगी मागत नाहीये, सांगतेय."

डोर्टे काही बोलणार, एवढ्यात बाबांनी डावा हात टेबलावर आपटला. पेले किणकिणले. त्यांचे ओठ कितीतरी वेळ शब्द जुळवत राहिले, आणि मग, थोरल्या लेकीकडे पाहत, एकच शब्द स्वच्छ बाहेर पडला. "जा."

ऑगस्टमध्ये बोडिल गेली.

वर्गातल्या बाकी पाच जणांचं वय बेरजेनं तिच्या जेमतेम अडीचपट भरलं असतं. पहिल्या दिवशी सिग्ने नावाच्या आरहुसच्या मुलीनं तिला शिक्षिका समजून किल्ल्या मागितल्या. "किल्ल्या नाहीत माझ्याकडे," बोडिल म्हणाली, "पण दालचिनीचे पाव आहेत. चालतील?" त्या दिवसापासून सिग्ने तिच्या शेजारची खुर्ची सोडेना.

बोडिलला शिकायचं होतं, आणि शिकण्याची तिला लाज नव्हती. दिवे वाहून नेताना तरुण मुलं धापा टाकत, तिथे पन्नास किलोची पोती उचललेली ही बाई दोन दोन स्टँड खांद्यावर टाकून जिना चढे. भिंगांचं गणित जड गेलं, तर ते तिनं पुन्हा पुन्हा गिरवलं. जे येत नसे ते "येत नाही" म्हणे, आणि दुसऱ्या आठवड्यात येत असे.

डोर्टे मात्र तिच्याशी परक्यासारखी वागे. एकदा खिडकीजवळ बसलेल्या माणसाचा चेहरा उजळायचा सराव होता. बोडिलनं दोन तास खपून प्रकाश लावला. डोर्टे आली, तिनं क्षणभर पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सगळीकडे सारखा उजेड. हे दुकान आहे का? गिऱ्हाइकाला पाव दिसावेत म्हणून लावलाय हा."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अपमानानं बोडिलचे कान तापले. पण तिनं पुन्हा त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. डोर्टेचं बरोबर होतं. "खरंच दुकान झालंय," ती म्हणाली. एक दिवा तिनं विझवला, दुसरा खिडकीबाहेर नेला, आणि माणसाचा अर्धा चेहरा सावलीत बुडू दिला. डोर्टेनं बराच वेळ पाहिलं. "हं," एवढंच म्हणून ती पुढच्याकडे वळली. त्या एका हुंकारानं बोडिलला किती आनंद झाला, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

ऑक्टोबरात प्रेबेन ल्यूसहोल्म आले. एके काळी या विभागाचे प्रमुख असलेले, आता अठ्ठ्याहत्तरीचे हे गृहस्थ वर्षातून एकच दिवस येत आणि नव्या मुलांना खऱ्या फिल्मचं रीळ कॅमेऱ्याच्या डब्यात भरायला शिकवत. उजेड लागला की फिल्म वाया; म्हणून दोन बाह्यांच्या काळ्या पिशवीत हात घालून, न बघता, केवळ बोटांनी ते भरायचं. त्या दिवशी डोर्टेही दारात उभी होती. आपल्या जुन्या गुरुजींना भेटायला आलेली.

मुलं घामाघूम झाली. बोडिलनं मात्र डोळे मिटले, आणि तिच्या बोटांनी आपसूक वाट शोधली. चार मिनिटांत डबा बंद झाला.

ल्यूसहोल्म काठी टेकत तिच्यापाशी आले. बराच वेळ तिचा चेहरा न्याहाळत राहिले. "तू थ्यूबरनची ना? भट्टीवाली मुलगी."

बोडिल दचकली. "तुम्हाला आठवतंय?"

"मुलाखतीला आली होतीस ना तू. आणि अर्जासोबत तू पाठवलेली ती फिल्म. पाव भाजणारा तुझा बाप, आणि त्याच्या तोंडावर फक्त भट्टीचा उजेड. बाकी काळोख. आम्ही पाच जण होतो समितीत, पाचही जणांनी तुझं नाव सगळ्यात वर लिहिलं होतं." म्हातारा हसला. "आणि मग तू फोन करून जागा सोडलीस. मी किती समजावलं तुला, आठवतं? म्हटलं, अगं, तुझ्या जागी दुसरं कुणीतरी येईल, पुन्हा संधी मिळणार नाही. तर तू म्हणालीस, प्रतीक्षायादीत जी पहिली आहे तिला लगेच कळवा, ती वाट बघतेय... पुढे कोण आलं त्या जागेवर? मला वाटतं..."

ते बोलता बोलता थांबले. त्यांची नजर दाराकडे गेली. डोर्टेचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती तशीच पाठ फिरवून निघून गेली.

शाळेमागे बोटी लागायचा जुना धक्का होता. दुपारच्या फिक्या उन्हात डोर्टे तिथे पाण्याकडे तोंड करून उभी होती. बोडिल शेजारी येऊन थांबली.

"ते म्हणाले ते खरं आहे?" डोर्टेनं न वळता विचारलं.

"हो."

"आईला माहीत होतं?"

"नाही. कुणालाच नाही."

"मी तुझी कीव करत होते, बोडिल..." डोर्टेचा आवाज फाटला. "बावीस वर्षं! लोकांना सांगत फिरले, की माझ्या बहिणीलाही यायचं होतं, पण बिचारीला जमलं नाही. आणि तू प्रत्येक वेळी मान डोलवायचीस. का? का ऐकून घेतलंस?"

"सांगितलं असतं तर तू सगळं सोडून परत आली असतीस."

"मग माझं ठरवू दिलं असतंस मला!" ती गर्रकन वळली, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "मला वाटायचं, मी जे काही आहे ते माझ्या गुणांवर आहे. आज कळतंय, ती माझ्या बहिणीनं घातलेली भीक होती."

बोडिलचा आवाज ढळला नाही. "भीक नव्हे. मी एक खुर्ची रिकामी केली, बस्स. त्या खुर्चीवर बसून चार वर्षं काम मी केलं नाही. पुढचे वीस चित्रपट मी केले नाहीत. ते तुझे आहेत, आणि त्यातला एकही मी चुकवला नाही. लेमविगच्या थिएटरात तिसऱ्या रांगेत बसून पाहिलेत मी सगळे."

डोर्टे हुंदके देत राहिली. बोडिल म्हणाली, "आणि माझंही चुकलंच. तुला न विचारता ठरवलं. मनात कुठेतरी थोरपण मिरवायचं होतं मला... तुझ्या दयेचा राग यायचा, तेव्हा ते थोरपणच मी चघळत बसायचे. त्याची माफी मागते. पण एक सांगते, मी इथे आलेय ते तुझ्याकडून काही परत घ्यायला नाही. मला शिकायचंय म्हणून आलेय."

डोर्टे मान खाली घालून निघून गेली.

पुढचे दहा दिवस ती शाळेत फिरकली नाही. बोडिलनं दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. वाट बघणं तिला नवं नव्हतं. शिवाय कामही डोक्यावर होतं: सत्राचा पहिला सराव-चित्रपट, आणि त्यातला चार मिनिटांचा एक सलग शॉट. शहरातल्या वेस्टरब्रो भागात एका कपडे धुण्याच्या दुकानात विभक्त झालेलं जोडपं अचानक भेटतं. बोलत बोलत यंत्रांच्या रांगेतून कधी जवळ येतं, कधी दूर जातं. खिडकीतला उजेड तेवढाच वापरायचा, असं बोडिलनं ठरवलं होतं. इतक्या कमी उजेडात नट हातभर जरी सरकला तरी चित्र पुसट होणार. म्हणून कॅमेऱ्याशेजारी बसून भिंगाचं कडं फिरवत फोकस राखणारा सहायक पक्क्या हाताचा हवा. ते काम सिग्नेकडे होतं, आणि नेमकी त्याच सकाळी ती तापानं फणफणली.

"उद्यावर ढकलू या का?" कुणीतरी विचारलं.

"उद्या दुकान मिळणार नाही," बोडिल म्हणाली. "कॅमेरा चालवत फोकसही मीच सांभाळते."

"ते जमणार नाही," दारातून आवाज आला. "मलाही जमलं नसतं."

डोर्टे आत आली. चेहरा ओढलेला, केस कसेबसे बांधलेले. "सिग्नेनं फोन केला मला," ती म्हणाली. आणि मग, फार हळू, "मी धरू फोकस?"

बोडिलनं तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत दया नव्हती, रागही नव्हता. उत्तर काय मिळेल याची धाकधूक तेवढी होती.

"धर," बोडिल म्हणाली. "पण इथे शिक्षिका म्हणून नाही. मी सांगेन तसं."

"तू सांगशील तसं."

मग ती नामवंत छायालेखिका मोजपट्टी घेऊन ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली, नटांच्या प्रत्येक पावलाचं अंतर मोजून खडूच्या खुणा करू लागली, आणि खुणा झाल्यावर आपल्या बहिणीच्या कोपराशी, कॅमेऱ्याला चिकटून उभी राहिली. पहिल्या वेळी तिसऱ्या मिनिटाला नटी ठरल्यापेक्षा अलीकडेच थांबली आणि तिचा चेहरा पुसट झाला.

"चुकलं," शॉट संपताच डोर्टे म्हणाली. "नटी नाही चुकली, मी चुकले. मी तिच्याकडे बघत नव्हते. तुझ्याकडे बघत होते."

"माझ्याकडे नंतर बघ," बोडिल म्हणाली. "पुन्हा घेऊ."

दुसऱ्या वेळी सगळं जुळून आलं. कॅमेरा सरकला की डोर्टेचं बोट सरकत होतं, नटी थबकली की बोटही थबकत होतं. दोघी बहिणींचा श्वाससुद्धा जणू एका लयीत चालला होता... शेवटी ती नटी काचेबाहेर पाहते तो क्षण आला, आणि तिच्या पापण्यांवरचं पाणीसुद्धा लख्ख दिसलं.

"कट," दिग्दर्शक मुलगा पुटपुटला.

"मिळालं," बोडिल म्हणाली.

डोर्टेचा हात अजून कड्यावरच होता आणि गालांवरून अश्रू ओघळत होते. "बोडिल, मी टेबलावर बोलले ते... दुसऱ्याची जागा म्हणाले ते..."

बोडिलनं तिला जवळ ओढलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. मुलं उगाचच केबल गुंडाळू लागली.

"रविवारी मी लेमविगला जातेय," थोड्या वेळानं डोर्टे नाक पुसत म्हणाली. "बाबांना सगळं मीच सांगणार आहे. आणि यापुढे एक रविवार तुझा, एक माझा." मग जराशा अवघडलेपणानं तिनं विचारलं, "पुढच्या चित्रपटाला बोलावशील मला?"

"बघू," बोडिल कॅमेरा उतरवत म्हणाली. "सिग्नेला ताप नसेल तर काम सिग्नेचं."

डोर्टे हसली. कित्येक वर्षांत थोरल्या बहिणीपुढे ती इतकी मोकळी हसली नव्हती. मग तिनं बाह्या सरसावल्या, कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर घेतली आणि विचारलं, "पुढचा शॉट कुठे लावायचा?"

"खिडकीपाशी," बोडिल म्हणाली. "चल लवकर, उजेड आहे तोवर घेऊ."