डुलकीमास्तर

वाऱ्याने उडालेली टोपी थेट लोरीच्या चिलीच्या पातेल्यात पडली.

नोव्हेंबरचा रविवार होता. ईरी सरोवरावरून बोचरं वारं सुटलं होतं. मॅचला अवकाश होता आणि अमेरिकन फुटबॉलच्या स्टीलहेड्स टीमचे चाहते स्टेडियमबाहेर आपापल्या गाड्यांमागे शेगड्या पेटवून खात-पीत होते. खिमा-राजम्याचा तो रस्सा ढवळता ढवळता लोरी पालुम्बो डाव हातात धरून त्या टोपीकडे बघतच राहिली. तेवढ्यात टोपीचा मालक धापा टाकत आला. उंच, विस्कटलेल्या केसांचा, थंडीने कान लालबुंद झालेला.

"अहो, माझी टोपी..."

"शिजतेय. थांबा जरा."

तो हसला. का कोण जाणे, लोरीला एकदम आपल्या हनुवटीवरचा टोमॅटोचा डाग आठवला.

त्याचं नाव एमेट सॉर्ली. बंदरावर बोटी दुरुस्त करायचा. दोघांनी तीच चिली खाल्ली आणि खाता खाता कडाडून भांडलेही.

"क्वार्टरबॅकला विकून टाका, असं म्हणणारी तूच पहिली भेटलीस," एमेट म्हणाला. 'अहो' केव्हाच मागे पडलं होतं.

"चेंडू फेकायचा खांदाच गेलाय त्याचा. डोळे आहेत ना तुला?"

"आहेत की. सध्या दुसरीकडे लागलेत..."

लोरीने घाईघाईने पातेलं ढवळायला घेतलं.

स्टीलहेड्सच्या बाबतीत लोरीला मत नाही, असा विषयच नव्हता. दातांच्या दवाखान्यात ती पेशंटचे दात साफ करायची आणि दर सोमवारी, काम सुरू होण्याआधी, रेडिओवरच्या मॅचच्या चर्चेत फोन लावायची. 'पीच स्ट्रीटची लोरी' म्हणून सगळं गाव तिला ओळखायचं. कुणाला घ्या, कुणाला हाकला, मालकाने टीम विकावी का... ती बोलायची आणि लोक गाडी बाजूला घेऊन ऐकायचे.

एमेट मात्र ऐकत नसे. "आमच्या घरी तो कार्यक्रम लावत नाहीत," एवढंच तो म्हणाला होता.

"आणि बाबा काय करतात तुझे?"

"सावत्र आहेत, पण वाढवलं त्यांनीच. पोरांना चेंडूला लाथ मारायला शिकवतात."

"शाळेत?"

"तसंच काहीतरी..." म्हणून त्याने तिचा हातमोजा काढला आणि तिची गार बोटं आपल्या कोटाच्या खिशात घेतली. पुढचं विचारायचं लोरीला सुचलंच नाही.

त्या मोसमात गावाला हसायला एक विषय मिळाला होता. स्टीलहेड्सचे किक शिकवणारे कोच वॉल्ट ब्रॅनिगन ऐन निर्णायक किकच्या वेळी डोळे मिटून उभे असलेले कॅमेऱ्यात सापडले होते. दुसऱ्या दिवशी लोरीने रेडिओवर त्यांचं बारसं केलं, 'डुलकीमास्तर'. वर फोनवरच घोरूनही दाखवलं. स्टेशनने ते घोरणं जपून ठेवलं आणि ब्रॅनिगनचं नाव निघालं की वाजवायला सुरुवात केली. प्रेक्षक स्टेडियममध्ये उशा घेऊन येऊ लागले. आणखी एक किक चुकली आणि मंगळवारी बातमी आली, ब्रॅनिगनना काढलं.

"अखेर!" लोरीने दवाखान्यात गिरकीच घेतली.

संध्याकाळी एमेटचा फोन आला. आवाज पार उतरलेला. "आज नको भेटायला. बाबांची नोकरी गेली गं."

लोरीला वाईट वाटलं. त्याच्यासाठी. बाकी काही तिच्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून तिने पेपरोनी भरलेले पाव भाजले, गरम गरम डबा घेतला आणि त्याच्या घराची घंटा वाजवली.

दार उघडलं वॉल्ट ब्रॅनिगननी.

"मी... मी लोरी. एमेटची..."

त्यांनी मान किंचित कलती केली. चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. आवाज ओळखला होता त्यांनी.

"ये आत," ते म्हणाले. "बूट तिथे काढ, बर्फ लागलाय."

आत एमेट होता, त्याची आई नोरीन होती. नोरीनने लोरीला घट्ट मिठी मारली. "किती गोड पोरगी आहे! एमेट हल्ली शिट्टी वाजवत घरी येतो, ते तुझ्यामुळे होय?" लोरीचे कान तापले. जमीन दुभंगावी, असं तिला पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

पाव गरम करायच्या निमित्ताने वॉल्टनी तिला स्वयंपाकघरात नेलं.

"दर सोमवारी ऐकतो मी तुला," ते हळूच म्हणाले. "गाडीत, एकटाच. बचावाबद्दल बरोबर बोलायचीस. पण झोप नव्हती गं ती. मला बघवत नाही. पोरगं किक मारायला धावलं की छातीत असं धडधडतं... डोळे आपोआप मिटतात."

लोरीला त्यांच्याकडे बघवेना. "मी... सर, मला..."

"एमेटला सांगू नकोस. किती दिवसांनी खूश आहे तो. मी बोलणार नाही."

गप्प बसणं किती सोपं होतं! बाहेर एमेटने शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढून ठेवली होती. लोरी बाहेर आली, पण बसली नाही.

"एमेट, ते नाव मी ठेवलं. डुलकीमास्तर. घोरले तेही मीच."

नोरीनने हातातली बशी खाली ठेवली. एमेटने तिचा कोट आणून दिला. कोट घालताना मदतही केली, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

सोमवारी तिने पुन्हा फोन लावला. या वेळी पूर्ण नाव सांगितलं. "माझं चुकलं. ते झोपले नव्हते. मी एका माणसाची चेष्टा केली आणि ती तुमच्या तोंडी बसवली..."

निवेदक खो खो हसला आणि त्याने बटण दाबलं. तिचंच घोरणं तिच्या कानात वाजलं. पाठोपाठ एकाने फोन करून म्हटलं, "लोरी प्रेमात पडली वाटतं!" दवाखान्याच्या आरशासमोर तिने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. चेहऱ्याची आग जाईना.

त्यानंतर एमेटचा फोन नाही, काही नाही. आणि एका शनिवारी दुपारी ती दवाखान्यातून निघाली, तर फाटकाशी एमेट उभा.

"रेडिओ ऐकला मी," तो म्हणाला. "राग गेलेला नाही माझा."

"जाऊ नयेच."

"आणि तू आवडतेस. तेही जात नाही. दोन्ही एकदम घेऊन फिरतोय, लोरी... दमलो."

त्याने रस्त्याकडेला उभ्या गाडीकडे मान वळवली.

"बाबांची नोकरी गेल्यापासून आई दुकानात गेलेली नाही. आज निघालीय, गाडीत बसलीय. तू येशील सोबत?"

दुकानात नोरीन पुढे, ढकलगाडी लोरीकडे, एमेट मागे. नोरीन तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. बटाट्यांपाशी मागून कुणीतरी घोरल्याचा आवाज काढला आणि दोघे-तिघे हसले. नोरीनचा हात बटाट्यांवर तसाच थांबला.

लोरी वळली. स्टीलहेड्सचं जॅकेट घातलेला एक बाप्या होता.

"ते माझं घोरणं आहे," ती म्हणाली. "पीच स्ट्रीटची लोरी, मीच. हसायचं तर मला हसा. या बाईंना नाही."

तो माणूस ओशाळला, पुटपुटत निघून गेला. सगळं दुकान बघत होतं. लोरीचा चेहरा जळत होता, पण तिने मान खाली घातली नाही.

नोरीनने बटाटे निवडून पिशवीत भरले. पिशवी लोरीच्या हातात दिली.

"उद्या जेवायला ये," ती ढकलगाडीच्या दांड्यावर हात ठेवत म्हणाली. "मॅच टीव्हीवर बघणार आहेत ते. किकच्या वेळी त्यांच्या शेजारी कुणीतरी बसायला हवं."

ढकलगाडीच्या दांड्यावर, लोरीच्या हाताशेजारी, एमेटने आपला हात ठेवला आणि तिघं दुधाकडे वळले.