रिळांच्या पेटीचं नाव

शिखरचंदच्या कापडदुकानात दुपारी एक ते चार सहसा गिऱ्हाईक नसायचं. मी गावच्या शाळेत मास्तर, शाळा सकाळपाळीची. जेवण उरकून मी दीडच्या सुमारास तिथे पोचायचो. तागे बाजूला सारून आम्ही बुद्धिबळाचा पट मांडायचो आणि पाचच्या आत डाव संपवायचो, कारण शिखरचंदच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं होत. अकरा वर्षांची ही रीत. मधली चार वर्षं तो मुंबईला होता, तेव्हा आम्ही पोस्टकार्डावर एकेक चाल पाठवून खेळायचो. खेळ त्याला मी शिकवला, हे इथेच सांगून ठेवतो.

मुंबईत तो एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला होता. वडील थकले म्हणून चौऱ्याहत्तर साली जऊळक्याला परत आला, तो ट्रंकभर वाया गेलेली कार्डं घेऊन. मशीनला घालायची जाड कागदाची कार्डं, काहींना भोकं पडलेली, बरीचशी कोरी. दुकानात शिवणाच्या रिळांची एक जुनी लाकडी पेटी होती, चोवीस खणांची. रिळं काढून त्याने त्या खणांत कार्डं भरायला सुरुवात केली. दीड वर्ष तो तेच करत होता.

शहात्तरच्या जानेवारीत त्याने ती पेटी माझ्यासमोर ठेवली.

"हा प्रोग्राम हाय," तो म्हणाला. "बुद्धिबळ खेळते. मुंबईले असतो तं मशीनमंधी टाकला असता. इथं मशीन नाई, तं मशीन मीच."

पट बघायचा आणि पहिलं कार्ड काढायचं. त्यावर लिहिलेलं असे, ‘राजाला शह आहे का? असल्यास ३१. नसल्यास २.’ असं कार्डामागून कार्ड काढत, पाटीवर बेरजा-वजाबाक्या करत, तीन-चार मिनिटांनी एक चाल निघायची. ती चाल शिखरचंदची नसे. तो फक्त कार्डं काढायचा. कार्डांवरचं सुबक अक्षर त्याच्या बायकोचं, राजमतीवहिनींचं. त्याचं अक्षर त्यालाच लागत नसे, म्हणून दीड वर्ष स्वयंपाक आवरला की त्या ओसरीत बसून कार्डं उतरवून काढत.

प्रोग्राम फार वाईट खेळला. वजीर फुकट देऊन बसला. मी हसलो, पण मला बरंही वाटलं.

पेटीच्या पुढच्या अंगाला एक पितळी चौकट होती, रिळांच्या रंगाची चिठ्ठी सरकवायला. ती रिकामी होती. शिखरचंद तिच्यावरून बोट फिरवत म्हणाला, "याले नाव पायजे. बिननावाचा प्रोग्राम मशीन घेतच नाई. तिकडं पयलं कार्ड नावाचंच राहे."

तो माझं नाव देईल असं मला वाटलं.

त्याच महिन्यात मारोतराव आमच्या स्टेशनवर असिस्टंट स्टेशनमास्तर म्हणून बदलून आले. चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. दुपारच्या दोन गाड्यांच्या मध्ये ते दुकानात येऊ लागले. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला तीनदा हरवलं, आणि प्रत्येक वेळी म्हणाले, "मास्तर, वाईट नका वाटू देऊ." मला त्यांच्या जिंकण्यापेक्षा ते वाक्य जास्त लागायचं.

त्यांनी पेटी पाहिली. एका दुपारी शिखरचंदशेजारी बसून त्यांनी डावाच्या शेवटच्या टप्प्याची सगळी कार्डं नव्याने सांगितली. वहिनींनी ती उतरवली. प्रोग्राम सुधारला. शिखरचंद मला म्हणाला, "मारोतरावले पेटी समजते रे." अकरा वर्षांत त्याने माझ्याबद्दल असं काही म्हटलेलं मला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर खांबाला टेकून बसायच्या माझ्या जागेवर मारोतरावांची टोपी होती. मी दारापाशी बसलो. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

नाव ठरलं ते मार्चमध्ये. शिखरचंदचे वडील, कस्तुरचंदजी, दिवसभर दुकानाच्या तोंडाशी गादीवर जपमाळ घेऊन बसत. पेटीचं त्यांना फार कौतुक. शिखरचंदने चिठ्ठीवर ‘कस्तुरचंद’ असं लिहिलं, वडिलांच्या पाया पडला आणि चिठ्ठी चौकटीत सरकवली.

त्या दुपारी पेटीने मला पहिल्यांदा हरवलं. चूक माझी कुठे झाली ते मला आजही सांगता येत नाही.

आम्ही पट आवरत होतो. स्टेशनवरचा पॉइंट्समन फुलसिंग धोतरजोडी बघायला आला. "रामराम, कस्तुरचंदजी," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने मान वर केली. हसून, अदबीने म्हणाले, "कस्तुरचंद घरी नाईत बाप्पा. वाशीमले गेले. सांजच्याले येतीन."

आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी फुलसिंगला बसायला जागा करून दिली.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते ओट्यावर उभे राहून स्टेशनच्या रस्त्याकडे बघायचे. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "त्यायले येऊ द्या." वाशीमच्या डॉक्टरांनी वय झालं असं सांगितलं. त्यांचं बाकी सगळं ठीक होतं. मुलाला ओळखत, सुनेला ओळखत, माळ चुकत नसे. फक्त कस्तुरचंद कुठेतरी गेलेले होते.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी ती चिठ्ठी काढायला लावली. मोठ्या माणसाचं नाव घेऊन हरणं-जिंकणं बरं दिसत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. चिठ्ठी निघाली, पण कस्तुरचंदजी आले नाहीत. जूनमध्ये, पेरण्यांच्या तोंडावर, म्हातारा गेला. उशाशी मीही होतो. शेवटी ते दाराकडे बघून म्हणाले, "अजून नाई आले?"

मी गणित शिकवतो. एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी पोरांना दरवर्षी सांगतो. त्या वेळी स्वतःलाही सांगितलं. तरी पितळी चौकट रिकामी आहे ना, हे दुकानात शिरताना मी आधी बघायचो.

ऑगस्टमध्ये शिखरचंदने पुन्हा पेटी काढली. मारोतराव त्या दिवशी ड्युटीवर होते. दुकानात आम्ही दोघेच. खूप दिवसांनी मी खांबाला टेकून बसलो होतो.

"जगदेव," तो म्हणाला, "म्या लय इचार केला. याले तुहंच नाव टाकतो. खेळ तं तूच शिकोला मले."

सात महिने मी ज्याची वाट बघत होतो ते वाक्य. त्याने चिठ्ठी फाडून घेतली होती, पेनाचं टोपण काढलं होतं. ‘ज’ची पहिली रेघ ओढलीसुद्धा.

"मारोतरावांचं टाक," मी म्हणालो.

"काहून?"

"शेवटची कार्डं त्यांनीच सांगितली ना. मान त्यांचा आहे."

शिखरचंदने पेन खाली ठेवलं. त्याचे डोळे भरून आले. "तुहं मन लय मोठं हाय रे," तो म्हणाला, आणि त्याने नवी चिठ्ठी घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात गेलो नाही. स्टेशनवर गेलो. मी बघायलाच गेलो होतो, हे लपवून आता उपयोग नाही.

पॅसेंजर उभी होती. इंजिन दोनदा शिटी देऊन गप्प झालं होतं. डब्यांतून माणसं माना काढून बघत होती. मारोतराव कडक इस्त्रीच्या गणवेशात बाकावर बसले होते. दोन्ही निशाणं गुंडाळून मांडीवर ठेवलेली.

"मारोतराव, गाडी सोडा की," गार्ड लांबून ओरडला.

ते हलले नाहीत. मी जवळ गेलो तसे ओळखीचं हसले. "या मास्तर. बसा. मी त्यायचीच वाट पाहून राह्यलो."

"कोणाची?"

"मारोतरावची. त्यायच्याबिगर गाडी कशी सोडता येईल?"

फुलसिंगने त्यांच्या मांडीवरचं हिरवं निशाण अलगद काढून घेतलं.

नवव्या दिवशी त्यांचा भाऊ हिंगोलीकडून येऊन त्यांना घेऊन गेला. गाडीत चढताना ते मागे वळून म्हणाले, "ते आले म्हंजे सांगजा, मी गेलो म्हणून."

मी मान हलवली.

मला वाटलं होतं, आता पूर्वीसारखं होईल. झालं नाही. मी दीडला पोचायचो तर डाव आधीच मांडलेला असायचा. शिखरचंद एकटाच पेटीशी खेळत असायचा. पेटी खांबाशी ठेवलेली, माझ्या जागेवर.

"दोन डाव झाले आमचे," तो मान वर न करता सांगायचा. मग कार्ड काढायचा, वाचायचा, आणि गालात हसायचा. "मारोतराव म्हनतेत, उंट मांगं घ्या."

खरे मारोतराव कुठे कसे आहेत हे त्याने कधी विचारलं नाही. दुःख करायचा प्रश्नच नव्हता. ते पूर्वी दोन गाड्यांच्या मध्ये यायचे, आता दिवसभर असायचे. मी त्यांना तिथून घालवायला गेलो आणि कायमचं बसवून आलो.

ऑक्टोबरात एकदा वहिनी पाणी घेऊन बाहेर आल्या. शिखरचंदने तांब्या न बघताच घेतला. त्या दाराशी थांबल्या आणि हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "तुमाले तं निदान दुपार भेटते, मास्तर. मले थेबी नाई. नऊ वर्सं झाले लग्नाले, माह्या नावानं एक हाक नाई मारली यायनं. ‘अवं’, नाई तं ‘आयकलं का’. अन् त्या पेटीले पाहा."

मी काहीतरी समजुतीचं बोललो. त्या ऐकत नव्हत्या. त्या पितळी चौकटीकडे बघत होत्या.

डिसेंबरात शिखरचंद माल आणायला सकाळच्या गाडीने वाशीमला गेला. तीनच्या गाडीने परत येणार होता. हे माहीत असूनच मी दीडला दुकानात गेलो. माझ्या खिशात एक चिठ्ठी होती. रात्री घरी बसून ती लिहिली होती. तिच्यावर माझं नाव होतं.

काय होणार हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जगदेव कुठेतरी जाईल आणि मी त्याची वाट बघत बसेन. त्याची भीती वाटायची ती केव्हाच संपली होती. शिखरचंद ते नाव घेईल, सकाळी घेईल, दुपारी घेईल, कार्ड वाचून हसेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुकानात कोणी नव्हतं. मी पेटीसमोर उकिडवा बसलो.

चौकटीत मारोतराव नव्हतं.

‘राजमती’ असं होतं. कार्डांवरच्याच सुबक अक्षरात. शाई अजून ओली होती.

आतून सुपात पाखडल्याचा आवाज येत होता. मधेच तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

मी आत जायला हवं होतं. चिठ्ठी ओढून काढायला हवी होती. निदान नाव घेऊन एक हाक मारून बघायला हवी होती. कदाचित ओ आली असती. मी ते केलं नाही. तिनं माझी जागा घेतली, एवढंच माझ्या मनात आलं. मी माझी चिठ्ठी चार घड्या घालून खिशात ठेवली आणि दारापाशी बसून राहिलो.

साडेतीनला शिखरचंद आला. गठ्ठे टाकले, पाय धुतले, पेटीसमोर बसला. चौकट बघून क्षणभर थबकला. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी नाही असं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू कसलंसं हसू आलं, लग्नातल्या नवरदेवासारखं, लाजलेलं.

त्याने प्यादं पुढे केलं. पहिलं कार्ड काढलं.

"राजमती," तो म्हणाला. आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मऊ. "चाल, राजमती."

आतलं सूप थांबलं.

त्याने दुसरं कार्ड काढलं. वाचलं. हसला. "वा, राजमती."

वहिनी दारात आल्या. हाताला तुरीचा कोंडा लागलेला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पदराने हात पुसत त्या माझ्याजवळ आल्या आणि खाली वाकल्या.

"मास्तर," त्या कुजबुजल्या, "तुमी यायचे दोस्त हा. खरं सांगा मले. ही राजमती कोन व्हय?"