खोपटामागचं पिंप

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मालिनीने जसं सांगितलं, तसंच मी सांगतेय.

मालिनी माझी मावसबहीण. जर्मनीत हॅनोव्हरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. थापा मारणाऱ्यातली नाही.

हे घडलं गेल्या नोव्हेंबरात. रात्रीसुद्धा नाही… दुपार कलताना.

तिकडे गावाच्या कडेला भाड्याने बागेचे छोटे तुकडे मिळतात. क्लाइनगार्टन म्हणतात त्याला. चार वाफे, एक लाकडी खोपट, भोवती कुंपण. कित्येक वर्षं वाट पाहून मालिनी आणि तिचा नवरा अनिमेष यांना असा तुकडा मिळाला होता.

उन्हाळा छान गेला. नोव्हेंबर आला आणि मालिनीचा जीव मेटाकुटीला आला.

सतत भुरभुर पाऊस. बुटांना किलोभर चिखल. पानं झाडून ढीग करावा, तर दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेवढीच पानं.

आणि ते पिंप.

खोपटामागे पाण्याचं निळं पिंप होतं. थंडीत पाणी गोठून ते फुटतं, म्हणून रिकामं करून आडवं ठेवायचं. मालिनीने ठेवलं. बागेचा नळसुद्धा हिवाळ्यापुरता बंद झाला होता.

पुढच्या शनिवारी पिंप उभं होतं.

काठोकाठ भरलेलं.

सगळ्या बागेत पानांचा खच… आणि त्या पाण्यात एक पान नाही.

ती चडफडली. पुन्हा उपसलं, पुन्हा आडवं केलं. पुढच्या शनिवारी… पुन्हा तेच.

आता बागेची दुसरी किल्ली होती तिच्या सासऱ्यांकडे. यशवंतराव पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले. रोज फिरत फिरत बागेत जायचे. परक्या देशात तेवढाच त्यांचा विरंगुळा.

"बाबा, ते पिंप भरू नका हो. किती वेळा सांगू?"

"अगं, मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही."

"मग कोणी लावला?"



त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ती अनिमेषला म्हणाली, "बाबांना विसरायला होतंय. डॉक्टरला दाखवू या. नाहीतर लवकरचं तिकीट काढ."

बाबा दारातच उभे होते.

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि खोलीत गेले. त्या दिवसापासून घराबाहेर पडणंच बंद.

मालिनीला वाईट वाटलं. पण रागही होता. आठवडाभर ऑफिस, शनिवारी चिखल, घरात हा अबोला.

पुढच्या शनिवारी ती एकटीच बागेत गेली. धुकं इतकं की शेजारचं कुंपण दिसेना. पिंप आडवंच होतं, तिने आधी जाऊन बघितलं. मग पुढे येऊन गुलाबांच्या बुडाशी पालापाचोळा टाकायला बसली.

चारच्या सुमारास अंधारायला लागलं.

आणि खोपटामागून आवाज आला…

डुबुक.

झारी पाण्यात बुडवल्यासारखा.

मग मातीवर पाणी पडल्याचा… सावकाश, एका लयीत.

मालिनीचं डोकंच फिरलं. "बाबा, आलात ना शेवटी? एवढ्या थंडीत? आठवडाभर तोंडातून शब्द नाही तुमच्या, आणि इथे येऊन पुन्हा तेच. मी कंटाळले हो आता."

पाणी थांबलं.

झारी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

मग म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. हळू… मायेचा.

"या…"

तिचा राग थोडा उतरला. ती हात झटकत उठली.

"या… या…"

ती खोपटाच्या कोपऱ्यापर्यंत गेली. एक पाऊल टाकलं असतं, तर मागचं दिसलं असतं.

तिथेच थबकली.

बाबा तिला 'ये' म्हणतात. लग्न झाल्यापासून. 'या' कधीच नाही.

तिने खिशात हात घातला. दोन्ही किल्ल्या तिच्याजवळच होत्या. फाटक तिनेच आतून लावलं होतं.

पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं…

ती पळाली. हातमोजे, कुदळ, पिशवी, सगळं तिथेच टाकून.

घरी बाबा खिडकीपाशी बसले होते. दुपारपासून हलले नव्हते, अनिमेष म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजेडात अनिमेष बागेत जाऊन आला. पिंप आडवं. आत थेंब नाही. "जर्मन लोक हो म्हणताना 'या, या' म्हणतातच की. शेजारी कुणीतरी फोनवर असेल," तो म्हणाला. तिला त्याचाही राग आला.

शेजारच्या बागेतल्या बाईंना विचारलं. मालिनीच्या बागेची आधीची माणसं दुसऱ्या गावी राहायला गेलीत, धडधाकट आहेत. या बागेत कधी कुणाचं काही झालं नाही.

शेवटी ती बाबांसमोर जाऊन बसली. "बाबा, चुकलं माझं. पिंप भरणारे तुम्ही नव्हताच."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मलाही बोलवायचा. रोज. मला वाटायचं, शेजारचा म्हातारा कुणाला तरी हो म्हणतोय."



"बाबा… तुम्ही कधी मागे गेला होतात?"

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

ते आता पुण्याला परतलेत. परवा व्हिडिओ कॉलवर तिने पुन्हा तेच विचारलं.

बाबांनी फोन बंद केला.