अबोल्याला त्यांच्याकडे शब्द नाही

ताई वर्गात शिरली तेव्हा तिच्या बाहीला लाँड्रीची चिठ्ठी टाचलेली होती, आणि हे तिला सोडून सगळ्यांना दिसत होतं.

"सत्तेचाळीस नंबर," मागून कोणीतरी म्हणालं. चक्क मराठीत.

ती गर्रकन वळली. लहान मुलांच्या एवढ्याशा खुर्चीत एक लांबलचक तरुण गुडघे हनुवटीला लावून बसला होता.

"पालक म्हणून आलात, की इस्त्रीला?"

"धाकटीची ताई आहे मी. आणि तुम्ही? नापास होऊन इथेच राहिलात वाटतं."

"मी दुभाष्या. बाई काय म्हणतात ते आईवडिलांना समजावतो."

"मला नको समजवायला. येते मला इथली भाषा."

"अरेरे," तो म्हणाला, आणि इतका मनापासून हिरमुसला की ताईला हसू फुटलं... झालं. गाडं तिथेच घसरलं.

बाबा आठवडा आठवडा ट्रकवर, आई लोकांच्या इमारतींचे जिने पुसायला. म्हणून दर महिन्याच्या पालकसभेला ताईच जायची. पूर्वी कपाळाला आठ्या घालून, आता केस दोनदा विंचरून. सभा संपली की ती लाँड्रीत कामावर परतायची, आणि तो तिथल्या दारापर्यंत सोबत यायचा.

"तुमच्याजवळ उभं राहिलं की गरम इस्त्रीचा वास येतो."

"तक्रार आहे?"

"छे. मी तर मुद्दाम चुरगळलेला शर्ट घालून येतो."

एक प्रश्न मात्र तो दर वेळी विचारायचा. "आईंना का नाही आणत?"

"तिला भाषा कुठे येते."

"म्हणूनच तर मला ठेवलंय. आणा ना एकदा."

ताई विषय बदलायची. कारण... कारण एक पत्र होतं.

शाळा सुरू होतानाच ते घरी आलं होतं. त्यात लिहिलं होतं: घरी मुलांशी आपल्या भाषेत भरपूर बोला, गोष्टी सांगा. घरची भाषा पक्की झाली की शाळेचीही होते. ताईने ते आईला वाचून दाखवलं – उलटं. "शाळा म्हणते, घरी आपली भाषा बोलायची नाही." ताई स्वतः अकराव्या वर्षी या गावात आली, तेव्हा तिच्या उच्चारांना अख्खा वर्ग हसला होता. धाकटीला कोणी हसू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

"असंच लिहिलंय ना गं?" आईने तीनदा विचारलं. आणि मग पाळलं. आईचं तोंड म्हणजे चालू राहिलेला नळ, पण इथल्या भाषेतले तिला शब्द येत दहा. जेव. झोप. हात धू. सहा महिने धाकटीच्या वाट्याला तेवढीच आई आली.

शेवटी बाईंनी आईलाच बोलावलं. आई ठेवणीतले कपडे घालून छोट्या खुर्चीत अवघडून बसली.

"धाकटी वर्गात तोंडच उघडत नाही," दुभाष्याने बाईंचं म्हणणं सांगितलं. "घरी बोलते का, असं विचारताहेत."

"कशी बोलेल?" आई म्हणाली. "आमच्यात अबोला आहे."

दुभाष्या पहिल्यांदाच अडखळला. "अबोला... याला यांच्याकडे शब्दच नाही हो." मग त्याने बाईंना लांबण लावून सांगितलं – जिवाभावाची दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात, ते.

का, असं बाईंनी विचारलं. आईने पिशवीतून घडी घातलेलं पत्र काढलं. "तुमच्याच कागदात लिहिलंय ना."

त्याने पत्र वाचलं. मग ताईकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"काकू, चूक माझी," तो म्हणाला. "याचा अर्थ ताईंनी मला विचारला होता. मीच उलटा सांगितला." आणि हेच त्याने बाईंनाही सांगितलं, त्यांच्या भाषेत.

ताईला दोन्ही भाषा येत होत्या. त्या दिवशी एकही आली नाही.

घरी नळ पुन्हा वाहू लागला. ताई मात्र महिनाभर शाळेच्या रस्त्यालाही गेली नाही. काय तोंडाने जाणार? आई रोज धाकटीची वेणी घालताना म्हणायची, "त्या मेल्या दुभाष्याने माझ्या लेकीला मुकं केलं." रोज. एके दिवशी ताईला ते सोसवेना.

"तो नव्हता, आई. मी होते."

आईचे हात थांबले. "का गं?"

"मला हसायचे सगळे. हिला हसू नयेत म्हणून."

आईने वेणीचं टोक बांधलं. मग म्हणाली, "मला भाषा येत नव्हती, अक्कल येत होती. विचारायचंस तरी. आता मला सांगून काय? शाळेत जा. त्याला सांग."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, त्या पत्राच्या चुकीपायी त्याची जागा दुसऱ्या दुभाषी बाईंना दिलीय. त्याला लांबच्या गावी काम मिळालंय. आज कपाटाची किल्ली द्यायला आलाय.

तो त्याच छोट्या खुर्चीत बसला होता.

"शर्ट इस्त्रीचा घातलात," ताई म्हणाली.

"आता चुरगळून उपयोग नव्हता."

"मी सांगितलं बाईंना. सगळं खरं."

"माहीत होतं, सांगाल. फक्त... कधी, ते माहीत नव्हतं."

"महिनाभर आले नाही, ते लाजेने. राग नव्हता."

"मला वाटलं अबोला."

"अबोला धरायला नातं लागतं."

"तेच तर वाटलं होतं मला," तो म्हणाला.

ताईने फळ्याकडे बघत सांगून टाकलं, "तुम्ही आवडता मला." फळ्यावर कुणीतरी वाकडातिकडा सूर्य काढला होता.

तो उठला. किल्ली टेबलावर ठेवली. "हे महिन्यापूर्वी ऐकलं असतं, तर तिकडे हो म्हणालो नसतो. दोन वर्षांचं लिहून दिलंय मी, सत्तेचाळीस."

हात हातात घ्यावा एवढं अंतर होतं. कोणी घेतला नाही.

आता सभेला आईच जाते. गेल्या आठवड्यात बाईंची चिठ्ठी आली – धाकटी वर्गात फार बडबड करते, जरा आवरा. ताईने ती आईला वाचून दाखवली, अगदी जशीच्या तशी. आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ताईही हसली. मग चिठ्ठीची घडी घालताना तिच्या लक्षात आलं, ही गंमत ज्याला सांगायची, तो इथे नाही.