घोंगड्यांच्या खोलीतली गाणी

मुलांनो, एक गंमत करून बघा. रिकाम्या न्हाणीघरात जा, दार लावा आणि एक टाळी वाजवा. टाळी संपते, पण तिचा आवाज भिंतीवर आपटून पुन्हा तुमच्याकडे येतो. आता गाद्या-गोधड्या रचलेल्या कोपऱ्यात जाऊन तशीच टाळी वाजवा. आवाज कुठे गेला? गोधड्यांनी पिऊन टाकला.

एवढं कळलं, की आता डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. सोलापूरचा मंगळवार बाजार. एप्रिल महिना. ऊन एवढं, की कलिंगडवाल्याने आपली छत्री स्वतःच्या डोक्यावरून काढून कलिंगडांवर धरली आहे. आणि अशा उन्हात एक मुलगी घोंगड्या विकायला बसली आहे... काळ्याभोर, जाड, मेंढीच्या लोकरीच्या घोंगड्या.

तिचं नाव सुकन्या. तिचे वडील धुळाप्पा सांगोल्याकडच्या विणकरांकडून घोंगड्या आणून विकायचे. आज ते चहाला गेले होते आणि दुकानावर सुकन्या होती. तिच्याजवळ तिच्या भावाची मुलगी वैष्णवी बसली होती. वैष्णवीची तिसरीची परीक्षा नुकतीच संपली होती. आत्या जिथे जाईल तिथे तिने सोबत जायचं, हा आजीचा, म्हणजे राजाबाईंचा हुकूम होता.

सकाळपासून एक गिऱ्हाईक आलं नव्हतं. आणि मग एक जण आला. त्याने भाव विचारला नाही, लोकर मऊ आहे का तेही पाहिलं नाही. घोंगडी उचलून तोंडासमोर धरली आणि जोरात टाळी वाजवली. मग दुसरी धरली. पुन्हा टाळी.

"आत्या," वैष्णवी म्हणाली, "हा माणूस आपल्या मालापुढं टाळ्या का वाजवायलाय?"

"ऊन लागलं असंल. तू बघू नको."

घोंगडीमागून हसण्याचा आवाज आला. मग चेहरा दिसला. सावळा, थोडा दमलेला; पण डोळ्यांत हसू तसंच राहिलेलं.

"ऊन न्हाय लागलं," तो म्हणाला. "आवाज बघायलोय. मला पांघरायला नको, भिंतीला लावायला पायजे."

"एप्रिलमधी भिंतीला थंडी वाजायली व्हय तुमच्या?"

"भिंत लई बोलते माझी. मी एक ओळ गायली की ती दुसऱ्यांदा गाती."

त्याचं नाव शिवराज. गाव उजनीच्या पाण्याकाठचं, नोकरी चिंचोळी एमआयडीसीत. पाळी संपली की विजापूर रोडवरच्या भाड्याच्या खोलीत तो स्वतःची गाणी रेकॉर्ड करायचा. त्याला एक अल्बम करायचा होता. नावही ठरलं होतं: 'रात्रपाळी'.

"चारी भिंतींना खिळे ठोकतो आणि..."

"खिळे?"

सुकन्याने त्याच्या हातातली घोंगडी काढून घेतली आणि घडी घातली. "ही विकायची न्हाय."

शिवराजला आपलं काय चुकलं ते कळेना. घोंगडीवर धुळाप्पांच्या घरी देव मांडला जायचा. तिच्यावर कोणी चप्पल घालून पाय ठेवत नसे. मग तिच्यातून खिळा घालणार कोण? पण हे त्याला सांगेपर्यंत धुळाप्पा चहा पिऊन परत आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"गाणी कसली म्हणायची?"

"प्रेमाची," शिवराज म्हणाला. मग खाली बघत, "म्हंजे... मोडलेल्या प्रेमाची. एकटेपणाची."

"मग लईच घोंगड्या लागतील की," धुळाप्पा म्हणाले.

सुकन्याला हसू आलं. ते लपवायला तिने पदरासारखी घोंगडीच तोंडावर धरली.

धुळाप्पांनी मार्ग काढला. उन्हाळ्यात घोंगडी कोण घेतंय? नुसती घडी घालून ठेवण्यापेक्षा पोराने न्यावी आणि गाणी झाली की परत द्यावी. अट एकच. लोकर भिंतीला नुसती टांगून राहिली की तिला कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागते. म्हणून दर रविवारी घोंगड्या गच्चीवर झटकून उन्हात घालायच्या, आणि ते काम घरच्या माणसानेच करायचं.

घरचं माणूस म्हणजे सुकन्या. आणि सोबत म्हणून वैष्णवी.

पहिल्या रविवारी सुकन्याने घोंगड्यांच्या काठाला लोकरीच्या दोऱ्याचे फास शिवले, त्यांतून बांबू ओवले आणि बांबू दोरीने छताच्या कड्यांना टांगले. एकही खिळा न लागता चारी भिंती काळ्या झाल्या. मग शिवराजने माइक सुरू केला, खिडकी लावली आणि पंखा बंद केला.

"पंखा का बंद?" वैष्णवीने विचारलं.

"पंख्याचा आवाज गाण्यात येतोय."

कल्पना करा. सोलापूरचा उन्हाळा, चारी बाजूंना लोकर, पंखा बंद. वैष्णवीच्या नाकावरून घामाचा थेंब ओघळला, तो पुसायचीसुद्धा चोरी, कारण हलायचं नाही. आणि त्या गरम, गच्च शांततेत शिवराज गायला लागला.

गाणं साधंच होतं. एक माणूस कामावरून खोलीवर येतो. सवयीने चहाचे दोन कप मांडतो. मग एकात चहा ओततो आणि दुसरा, न वापरलेला, तसाच धुऊन ठेवतो. एवढंच.

पण सुकन्याने भिंतीकडे तोंड वळवलं आणि घोंगडीचा फास उगाच घट्ट करायला लागली.

"कसं हुतं?" त्याने विचारलं.

"कप धुवायची काय गरज हुती," ती म्हणाली. "वापरला नव्हता ना."

शिवराज तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हे आजवर कुणी इचारलं नव्हतं."

संध्याकाळी आजीने वैष्णवीला विचारलं, "काय काय झालं गं तितं?" वैष्णवीने खरं ते सांगितलं: गाणं रडकं होतं, आत्या रडली नाही, पण सगळे भिजले.

रविवार येत राहिले. सकाळी गच्चीवर घोंगड्या झटकायच्या, दुपारी पुन्हा टांगायच्या, मग एक गाणं. झटकताना एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. धूळ उडायची, दोघांना शिंका यायच्या.

"तुमी गाण्यात एवढं रडता," ती एकदा म्हणाली, "आणि हितं बघावं तर खिदळताय."

"रविवारी खिदळतो. बाकीचे वार हायेत की रडायला."

ती लगेच घोंगडीकडे बघायला लागली. त्यानेही घसा खाकरला. वैष्णवी गारेगार चोखत दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

गाण्यांतली मुलगी कोण, हे सुकन्याने विचारलं नव्हतं. त्यानेच सांगितलं. अपेक्षा. कॉलेजात बरोबर होती, मग पुण्याला गेली, मग हळूहळू फोन थांबले. सगळा अल्बम तिचाच होता.

मुलांनो, आता सुकन्याची अडचण बघा. एखाद्याचं मन किती खोल आहे हे तिला दर रविवारी ऐकायला मिळत होतं... आणि ते मन दुसऱ्याच कुणासाठी झुरत होतं. शिवाय गाणी संपत आली होती. शेवटचं गाणं झालं, की घोंगड्या उतरणार. घोंगड्या उतरल्या, की त्या खोलीत यायला तिच्याकडे काही कारण उरणार नव्हतं.

म्हणून असेल, एका रविवारी ती जरा तिखट बोलली.

"सगळ्या गाण्यांत तीच हाय. पण एकदाबी बोलत न्हाय. मुकी हुती का?"

शिवराजचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्याने माइक लवकरच बंद केला. पण पुढच्या रविवारी त्याने दोघींसाठी मठ्ठा आणून ठेवला होता. "तुमचं बोलणं आठवडाभर कानात हुतं," एवढंच तो म्हणाला.

त्याच दुपारी तो गात असताना टेबलावरचा फोन थरथरला. आवाज बंद होता, पण पडद्यावर नाव उजळलं. वैष्णवीला नव्याने झरझर वाचता येऊ लागलं होतं आणि दिसेल ते ती मोठ्याने वाचायची.

"अ-पे-क्षा," तिने वाचलं.

गाणं थांबलं. शिवराजने फोन उचलला आणि गच्चीवर गेला. बराच वेळ गेला. परत आला तेव्हा सुकन्याने चपला घातल्या होत्या.

"पंखा लावा आता," ती म्हणाली. "आमी निघतो."

पुढच्या रविवारी ती आली ती रिक्षा थांबवूनच. "आप्पा म्हणाले, माल परत आणा." धुळाप्पा असं काही म्हणाले नव्हते. वैष्णवीला ते माहीत होतं, पण आत्याचा चेहरा बघून ती गप्प राहिली.

"शेवटचं गाणं राहिलंय," शिवराज म्हणाला.

"ते पुण्यात म्हणा."

तिने पहिला बांबू सोडला. घोंगडी जड असते, एकट्याला तिची घडी घालता येत नाही. शिवराजने न विचारता दुसरं टोक धरलं. तुम्ही कधी कुणाबरोबर मोठी चादर घडी केली आहे? मग तुम्हाला माहीत असेल. प्रत्येक घडीला समोरच्याकडे चालत जावं लागतं. टोकाला टोक लागतं. दोघांची बोटं...

सुकन्याने टोक दिलं, पण तिची बोटं तिथेच राहिली. मग तिने एकदम घडी मोडली आणि ती घोंगडी जमिनीवर अंथरली.

"बसा," ती म्हणाली. "चपला काढून."

तो बसला. तीही समोर बसली.

"आमच्या घरात ह्याच्यावर बसून कुणी खोटं बोलत न्हाय. आप्पांनी लोकांची भांडणं सोडवलीत ह्याच्यावर बसवून. आता सांगा. पुण्याला कधी निघालाय?"

"मी? पुण्याला कशाला?"

"फोन आला की तिचा."

शिवराजने घोंगडीवरून हात फिरवला. खरखरीत लोकर.

"तिनं गाणं ऐकलं. पहिलं गाणं मी नेटवर टाकलं हुतं की लोकांसाठी, ते. म्हणाली, गाणं चांगलं हाय. पण मी न बोलता गेले, असं दाखवू नको. मी लई बोलले हुते. तूच तुझ्या गाण्यांत हुतास, ऐकत नव्हतास."

सुकन्याने घोंगडीच्या काठाचा फास बोटात धरला.

"तुमी जे इचारलं, तेच ती बोलली," तो म्हणाला. "तिचं लग्न ठरलंय. तिकडंच. मी म्हणालो, सुखी राहा. आणि खरं सांगू? ते म्हणताना दुखेल असं वाटलं हुतं. न्हाय दुखलं."

"मग शेवटचं गाणं का अडलंय?"

"ते सगळ्यात रडकं पायजे. लिहायला बसतो. रविवार जवळ आला की रडायलाच येत न्हाय. ह्या वेळी तर कागद सोडून मी कंगवा शोधत बसलो."

सुकन्याच्या गालाला बारीकशी खळी पडली. तिने ती लगेच घालवली.

"आठवण येत न्हाय तिची?"

"येती," तो म्हणाला. "घोंगडीवर बसलोय, न्हाय कसं म्हणू? पण जुनी शाळा आठवती तशी येती. तितं परत जाऊन बसावंसं वाटत न्हाय."

ती खाली बघत राहिली. हे उत्तर गोड नव्हतं. पण असं उत्तर खोटं असू शकत नाही, हे तिला कळत होतं.

शिवराज उठला. माइक सुरू करून त्याने तिच्यासमोर ठेवला, आणि स्वतः पार पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकला.

"आजवर ह्या खोलीत मीच बोललो," तो म्हणाला. "शेवटच्या गाण्यात मी गप्प राहतो. तुमी बोला. गाऊ नका, बोला. जे वाटतंय ते. रागावलं तरी चालंल."

"मला कुटं येतं माइकमधी बोलायला."

"त्याला सगळं ऐकू येतं."

वैष्णवीला मोठ्या माणसांच्या या गोष्टींचा कंटाळा आला होता. खेळायला काही नाही, म्हणून तिने टेबलावरचे, माइकला जोडलेले हेडफोन उचलून कानाला लावले. ते तिला इतके मोठे होते, की दोन्ही हातांनी धरून ठेवावे लागले.

सुकन्या माइककडे वाकली. एकदा थांबली. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं... आणि मग तिचे ओठ हलले.

पलीकडच्या भिंतीपाशी शिवराज तिच्याकडे बघत होता. त्याने मान पुढे केली. "काय म्हणालात?"

"म्हणाले," ती म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले होते. "झालं."

"मला न्हाय ऐकू आलं."

"मग मी काय करू? मी बोलले."

शिवराज उठायला गेला, अर्ध्यातच थांबला. जवळ जावं की जाऊ नये, हे त्याला ठरवता येईना. सुकन्या उठून दुसऱ्या बांबूकडे निघाली होती. खाली रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

त्या खोलीत ते वाक्य फक्त एका माणसाने ऐकलं होतं. अगदी स्वच्छ, जणू आत्या तिच्याच कानात बोलली होती: "मला रविवार सोडून बाकीच्या दिवशीबी हितं यायचं हाय."

वैष्णवीने आत्याकडे बघितलं. मग शिवराजकडे बघितलं. तिने हेडफोन काढले आणि वायर सांभाळत, अनवाणी पायांनी घोंगडीवरून चालत गेली. शिवराजच्या डोक्यावर तिने ते नीट चढवले, आधी डावा कान, मग उजवा. मग माघारी येऊन तिने आत्याचा हात धरला आणि तिला पुन्हा माइकसमोर आणून बसवलं.

"परत बोल," ती म्हणाली, आणि दोघांकडे पाठ करून, भिंतीवरच्या घोंगडीकडे तोंड करून बसली.