मंगळवारनंतरचे आकडे

“वापरलेला पॉवर सप्लाय घेऊ नका.”

तिनं मागे वळून पाहिलं. कॉम्प्युटरचे जुने भाग विकणारं ते दुकान इतकं अरुंद होतं की वळताना तिच्या ओल्या छत्रीचं टोक त्याच्या शर्टाला लागलं आणि खिशावर एक ओला डाग उमटला. त्यानं डागाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि काही झालंच नाही अशा शांतपणे पुढे म्हणाला, “बाकी काहीही जुनं चालतं. पेटी, पंखा, की-बोर्ड... पॉवर सप्लाय तेवढा नवा घ्यावा.”

“मी विचारलं होतं का तुम्हाला?”

“नाही.”

“मग?”

“मग... राहवलं नाही.”

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, मोजून बघायचं, ही तिची नोकरीही होती आणि स्वभावही. तिनं पर्समधून स्वतःचा मीटर काढला, काउंटरवरच तारा जोडल्या आणि आकडा त्याच्यासमोर धरला. जिथे बारा व्होल्ट हवे तिथे बारा, जिथे पाच हवे तिथे पाच. तो वाकून बघत राहिला. आज बरोबर आहे म्हणजे उद्या असेलच असं नाही, एवढंच पुटपुटला. दुकानदारानं हसू दाबत विचारलं की आता बांधून देऊ, की तुमचं दोघांचं ठरायचंय? तिनं तोच पॉवर सप्लाय घेतला. थोडा हट्टानंच घेतला.

बाहेर पावसानं मात्र कोणाचंच ऐकलं नाही. दुकानाच्या पत्र्याखाली दोघंही अडकले, आणि गप्प उभं राहणं जास्त अवघड झालं तेव्हा बोलायला लागले. तिनं आपल्या प्रयोगशाळेचं सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा. त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

“म्हणजे दिव्याखाली अंधार,” ती म्हणाली.

“उलट. मला सगळं स्पष्ट दिसतं. म्हणून तर सांगत होतो, तो पॉवर सप्लाय—”

“पाऊस थांबला,” ती म्हणाली. थांबला नव्हता. पण दोघं हसले.

जाण्याआधी त्यानं तिला ‘उघडी पेटी’बद्दल सांगितलं. घरी कॉम्प्युटर बांधणाऱ्या, उघडणाऱ्या आणि क्वचित पुन्हा बंदही करू शकणाऱ्या लोकांचा तो एक गट होता. रोज इंटरनेटवर एकमेकांना सल्ले द्यायचे, भांडायचे, परत सल्ले द्यायचे. खरं नाव कोणी लावत नसे. तो तिथे ‘कासव’ होता. त्याचा पहिला कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात त्याची आई बाजारातून भाजी घेऊन यायची.

तिनं घरी जाऊन ‘थेंब’ हे नाव घेतलं. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून पाण्याच्या एका थेंबातल्या जिवांची हलती चित्रं जुळवायची, हा तिचा छंद होता. त्यासाठीच तिनं हा कॉम्प्युटर एकेक भाग जमवून बांधला होता.

आठवडाभर तो गुणी मुलासारखा चालला. मग संध्याकाळी चित्रं जुळवत असतानाच खटकन बंद पडायला लागला. तिच्या मनात पहिला विचार पॉवर सप्लायचा आला, आणि दुसरा त्या ओल्या डागाचा.

‘उघडी पेटी’त प्रश्न विचारण्याची एक रीत होती. गटाचे वडीलधारे म्हणजे घड्याळकाका. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, आता कॉम्प्युटर उघडतात. त्यांनी नियम अगदी वर लावून ठेवले होते. नुसतं ‘चालत नाही’ असं लिहू नका, पेटीत काय काय आहे ते सांगा. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. कोणाच्या प्रश्नाला हसू नका. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य इथे चालणार नाही. आणि प्रश्न सुटला की तो कशानं सुटला ते लिहा, म्हणजे पुढच्याचं डोकं वाचेल. तसं लिहिलं की काका त्या चर्चेला कुलूप लावत. मग ती फक्त वाचता यायची.

तिनं सगळं नीट लिहिलं. पॉवर सप्लाय जुना आहे, हेही लिहिलं, जरा ओठ चावून. कासवाचं उत्तर लगेच आलं. त्यात दुकानाचा उल्लेखसुद्धा नव्हता. प्रोसेसरचं तापमान दर थोड्या वेळानं टिपून ठेवाल का, भिंतीवरच्या त्याच स्विचबोर्डावर आणखी काही चालतं का, असे दोन साधे प्रश्न होते. बोर्डावर दुसरं काहीच नाही, तिनं कळवलं. मग राहवेना म्हणून विचारलं, एक वाक्य न लिहिणं कितपत जड गेलं?

“लिहिलं होतं,” त्याचं उत्तर आलं. “मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं. मग काकांची भीती वाटली.”

ती एकटीच पडद्याकडे बघून हसली. शेजारच्या खोलीत पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून देणारी तिची वहिनी बसली होती. मशीनची टकटक एकदम थांबली.

“आकडे एवढे विनोदी असतात हे मला माहीत नव्हतं,” वहिनी म्हणाली.

रोज संध्याकाळी ती तापमान लिहायची आणि तो उत्तर द्यायचा. पंख्यावरची धूळ ब्रशनं काढा, फुंकर मारू नका. रॅम काढून पुन्हा बसवा. त्यामध्येच इकडचं तिकडचं यायचं. आज एका आजोबांना पहिल्यांदा लांबचं स्पष्ट दिसलं, तर त्यांनी सगळ्यात आधी बायकोला विचारलं की भिंतीला रंग कधी दिला! तिनं त्याला थेंबातल्या एका जिवाचं चित्र पाठवलं. तो म्हणाला, हा माझ्या मालकांसारखा दिसतो, फक्त जास्त मेहनती आहे.

मग मंगळवार आला. कॉम्प्युटर बंद पडला त्याच क्षणी तिला कापडावर पाणी शिंपडल्याचा, गरम कापडाचा वास आला. ती उठून वहिनीच्या खोलीत गेली. वहिनी पडद्यांना इस्त्री करत होती. तिनं वहिनीला इस्त्री बंद करून पुन्हा लावायला सांगितली. इस्त्री तापायला लागली की इकडे अंधार. बंद केली की कॉम्प्युटर खुशाल चालू. पुन्हा करून पाहिलं, तेच. दोन्ही खोल्यांची सॉकेटं एकाच भिंतीत पाठीला पाठ लावून होती. वायरमननं येऊन आतली सैल तार आवळली आणि दुखणं संपलं.

म्हणजे पॉवर सप्लाय ठणठणीत होता. ती बरोबर होती, दुकानातल्या त्या मीटरसकट बरोबर होती. ती मोठ्या आनंदानं लिहायला बसली. ‘प्रश्न सुटला’ एवढं लिहून झालं... आणि बोट थांबलं. हे पाठवलं की काका कुलूप लावणार. उद्या संध्याकाळी त्याला लिहायचं काय? कशाच्या आधारानं?

तिनं ते खोडलं. त्या जागी तापमानाचे पाच आकडे लिहिले, मनातून काढून.

प्रयोगशाळेत एकदा तिनं एका साहेबांना तोंडावर नाही म्हटलं होतं, नकोसा आकडा बदलायला. आणि आता ती रोज संध्याकाळी आकडे रचत होती, तेही कोणी न सांगता. कासव तितक्याच शांतपणे विचारत राहिला, आज किती चढलं? ती चढवत राहिली.

“मला एक समजत नाही,” शेवटी वहिनी म्हणाली. तोंडात टाचण्या असल्यामुळे तिचे शब्द एका कोपऱ्यातून येत होते. “तार आवळली. माझी इस्त्री चालू, तुझा कॉम्प्युटर चालू. तरी तिकडे तू रोज तक्रार लिहितेस.”

“ते... बघतेय मी अजून.”

“आजार गेला, पण वैद्याचं दार सुटेना,” वहिनी म्हणाली आणि टाचण्या सांभाळत हसली.

हे असं आणखी कितीही दिवस चाललं असतं. पण रविवारी सकाळी दाराशी घड्याळकाका उभे राहिले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. तीन जिने चढल्यामुळे त्यांना बोलायला थोडा वेळ लागला. पोरीचे आकडे वाचून झोप लागेना, म्हणाले; गटात येताना तिनं नोंदवलेला पत्ता शोधून आले होते. त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमधला चांगला पॉवर सप्लाय ते काढून घेऊन आले होते. नको नको म्हणेपर्यंत त्यांनी पेटी उघडलीसुद्धा. थरथरणारी बोटं स्क्रूवर आली की एकदम स्थिर व्हायची. भाग बदलून त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि तो चालत राहिला. अर्थात चालत राहिला. काका खुर्चीत मागे टेकले. गुडघा चोळत, चेहराभर हसत म्हणाले की या वयातही हात कामाला येतात म्हणायचे.

वहिनी चहा घेऊन दारातच थांबली होती. तिनं नणंदेकडे नुसतं पाहिलं.

काका जिना उतरत होते तेव्हा काठीचा आवाज एकेका पायरीवर ऐकू येत होता. तो संपायच्या आत ती लिहायला बसली. खरं सांगितलं तर कासव पुन्हा कधी बोलणार नाही, हे तिला उघड दिसत होतं. जो माणूस काचेच्या जाडीत केसाइतकाही फरक पडू देत नाही, तो रचलेल्या आकड्यांना काय म्हणेल?

“दोष पॉवर सप्लायचा नव्हता,” तिनं लिहिलं. “भिंतीतल्या सॉकेटची तार सैल होती. पलीकडे इस्त्री तापायला लागली की इकडे वीज अडखळायची. हे मला मंगळवारीच कळलं आणि दुरुस्तही झालं. मंगळवारनंतर मी इथे लिहिलेले सगळे आकडे खोटे आहेत. काकांची आणि सर्वांची माफी मागते.”

कोणीतरी लिहिलं, इस्त्री आमच्या डोक्यातच आली नाही. कोणीतरी तिरकसपणे विचारलं, मग आमचे दिवस कशाला घालवले? शेवटी काका आले. “गुडघे माझे, जिने मी चढलो, माझं मी बघेन. पण खोटे आकडे इथे पुन्हा नकोत,” एवढं लिहून त्यांनी कुलूप लावलं.

कासवानं एक अक्षर लिहिलं नाही.

पुढचे काही दिवस ती कुलूपबंद चर्चा नुसती वाचत राहिली. दुसऱ्या एका चर्चेत तो कुणाला तरी पंख्याचा स्क्रू कसा सोडवायचा ते सांगत होता, त्याच मऊ, शांत सुरात. तेच जास्त लागलं. काकांचा भाग ती स्वतः नेऊन देऊन आली. त्यांनी तिला एक गजराचं घड्याळ उघडून दाखवलं, माफीचा विषयच काढू दिला नाही. वहिनी म्हणाली, सरळ त्याला एकट्याला लिही की. कोणत्या तोंडानं, तिनं विचारलं.

“ज्या तोंडानं खोटं सांगितलंस, त्याच. दुसरं कुठून आणणार?”

तिनं लिहिलं नाही.

आणि एका दुपारी प्रयोगशाळेच्या काउंटरवर कोणीतरी सरबताची रिकामी झालेली, धुऊन पाण्यानं भरलेली बाटली ठेवली.

“पाणी तपासायचंय,” तो म्हणाला. शर्ट खांद्यांवर भिजला होता.

तिनं ॲप्रनची बाही उगाचच सरळ केली. नेहमीचे प्रश्न आपोआप बाहेर पडले. रंग बदललाय का? वास येतो? चव?

“नाही. चांगलंच आहे.”

“मग तपासायचं कशाला?”

त्यानं बाटली काउंटरवर बोटभर पुढे सरकवली.

“आणि ही बाटली चालत नाही,” ती म्हणाली. आवाज जितका कोरडा व्हायला हवा होता तितका होत नव्हता. “आम्ही देतो त्या निर्जंतुक बाटलीतच पाणी आणावं लागतं. बाहेर फळ्यावर लिहिलंय.”

“वाचलं मी.”

“वाचलंत? तरी—”

“आज बाटली न्यायला यायचं,” तो बुटांकडे बघत म्हणाला, “उद्या पाणी द्यायला. मग अहवाल न्यायला. तीन खेपा होतात.”

तिला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. दोन्ही एकाच वेळी आवरणं अवघड असतं. तिनं हळू आवाजात विचारलं, “तिथे एक शब्दही का लिहिला नाहीत?”

“लाज वाटली.” आता त्यानं वर पाहिलं. “तुम्ही सगळ्यांसमोर खरं सांगितलंत. मी नाही सांगितलं.”

“तुम्ही काय सांगायचं होतं?”

“आकडे खोटे आहेत हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी त्यांचा आलेख काढत होतो. खरे आकडे अडखळतात हो, मध्येच घसरतात. तुमचे मंगळवारनंतरचे आकडे जिना चढल्यासारखे चढत होते... एकसुद्धा पायरी चुकत नव्हती.”

मोजमापाची इतकी साधी गोष्ट आपल्या लक्षात आली नाही, याची तिला आधी लाज वाटली. बाकीचं सगळं मग एक-एक करत समजलं.

“कळलं होतं, तर रोज नवे का मागत राहिलात?”

“मागितले नसते... तर तुम्ही लिहायचं थांबला असता.”

मागे बरणी घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी मुद्दाम खाकरून घेतलं. तिनं फडताळातून सील केलेली बाटली काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्यानं हात पुढे केला. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं ती बाटली पुन्हा आपल्याकडे ओढून घेतली.

त्याचा चेहरा उतरला.

“खेपा घालू नका,” ती म्हणाली. “पाणी चांगलं आहे, तुम्हीच म्हणालात. माझा कॉम्प्युटरही चांगला आहे. मी साडेपाचला सुटते.” कान तापले होते, पण वाक्य अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती. “काहीही बिघडलेलं नसताना यायचं. जमेल?”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू सावकाश पसरत गेलं, अगदी कडेपर्यंत.

“जमेल,” तो म्हणाला. “आज येतो. उद्या येऊ की नको, ते तू आजच सांगून टाक.”

तिनं मागच्या बाईंची बरणी घ्यायला हात पुढे केला, आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली, “ये.”